फिगर स्केटिंगमधील उड्या आणि जोडहालचाली : मूल्यमापनाचे नियम, वाद आणि अन्वयार्थ

प्रस्तावना

क्रीडास्पर्धांचे निकालाच्या दृष्टीने स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. धावणे, पोहणे, भारोत्तोलन यांसारख्या प्रकारांत निकाल घड्याळ, फीत किंवा वजन देते. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग आणि फिगर स्केटिंग यांसारख्या प्रकारांत मात्र निकाल माणसे देतात. पहिल्या वर्गात खेळाडू हरला तर त्याला घड्याळाशी वाद घालता येत नाही. दुसऱ्या वर्गात वाद हा खेळाबरोबरच जन्माला येतो. बर्फाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, पायात पाते लावलेले बूट घालून, संगीताच्या साथीने सादर होणारे फिगर स्केटिंग हे या दुसऱ्या वर्गाचे ठळक उदाहरण होय.

या खेळातील वादाचे स्वरूप बहुधा 'तंत्र विरुद्ध कला' असे सांगितले जाते. उड्या म्हणजे तंत्र आणि उड्यांच्या मधल्या हालचाली म्हणजे कला, अशी सोपी विभागणी त्यामागे असते. नियमांचा आणि प्रत्यक्ष गुणपत्रकांचा अभ्यास केल्यास ही विभागणी अपुरी असल्याचे दिसून येते. उडीकडे नेणारी वाट ही उडीच्या काठिण्याचाच भाग असते. मूल्यमापन पद्धतीने मात्र उडी एका खात्यात आणि वाट दुसऱ्या खात्यात टाकली. या विभागणीतून निर्माण झालेल्या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

१) उडी आणि जोडहालचाल या संकल्पना स्पष्ट करणे.
२) २००४ नंतरच्या मूल्यमापन पद्धतीत या दोहोंना गुण कसे मिळतात, हे उदाहरणांसह समजून घेणे.
३) २०१० ते २०२२ या काळातील ऑलिंपिक निकालांच्या आधारे वादाचे नेमके स्थान शोधणे.

१. उडीचे स्वरूप

स्केटच्या पात्याला मध्ये उथळ खोबण असते. त्यामुळे पात्याला आतील आणि बाहेरील अशा दोन कडा मिळतात. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. कोणत्या कडेवरून आणि दात्यांचा आधार घेऊन किंवा न घेता झेप घेतली, यावरून उडीचे नाव ठरते. स्पर्धेत प्रामुख्याने सहा उड्या येतात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या दात्यांच्या आधाराने घेतल्या जातात, तर साल्कोव्ह, लूप आणि अॅक्सेल या केवळ कडेवरून घेतल्या जातात. साल्कोव्ह आणि अॅक्सेल ही नावे अनुक्रमे स्वीडनचा उलरिक साल्कोव्ह आणि नॉर्वेचा अॅक्सेल पॉल्सेन या खेळाडूंवरून आली आहेत.

उड्यांचे काठिण्य सारखे नसते. अॅक्सेल ही एकच उडी पुढच्या दिशेने जाताना घेतली जाते आणि इतर उड्यांप्रमाणे मागच्या दिशेने जात संपते. त्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी अधिक घ्यावी लागते. तीन गिरक्यांची अॅक्सेल प्रत्यक्षात साडेतीन गिरक्यांची असते. लुट्झ आणि फ्लिप या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. लुट्झ बाहेरच्या कडेवरून आणि फ्लिप आतल्या कडेवरून घ्यावी लागते. लुट्झमध्ये शरीर ज्या वळणावर जात असते त्याच्या उलट दिशेला गिरकी घ्यावयाची असल्याने झेप घेण्याच्या क्षणी पाय नकळत आतल्या कडेकडे कलतो. हा कल परीक्षणात दोष मानला जातो.

हे सर्व एका सेकंदापेक्षाही कमी काळात घडते. १९८८ साली बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने चार गिरक्यांची टो लूप पूर्ण केली. अधिकृत मान्यता मिळालेली ती पहिली 'क्वाड' होय. त्यानंतर साडेतीन दशकांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने चार गिरक्यांची, म्हणजे वस्तुतः साडेचार गिरक्यांची, अॅक्सेल लेक प्लॅसिड येथील स्पर्धेत प्रथमच पूर्ण केली. उड्यांच्या बाबतीत खेळाची सीमा सातत्याने पुढे सरकत आली आहे, आणि गिरक्या मोजता येत असल्याने ही प्रगती सहज सांगता येते.

२. जोडहालचालींचे स्वरूप

दोन उड्यांच्या किंवा उडी आणि स्पिन यांच्या मध्ये खेळाडू जे करतो त्याला या खेळाच्या परिभाषेत 'ट्रांझिशन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'जोडहालचाल' हा शब्द योजला आहे. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारी वळणे, एका पायावरून दुसऱ्यावर जाणारी पावले, दोन्ही पावले बाहेर वळवून घेतलेली लांब घसरण, शरीराच्या विविध ठेवणी या सर्वांचा त्यात समावेश होतो. रॉकर, काउंटर, ब्रॅकेट, मोहॉक ही अशा वळणांची आणि पावलांची नावे आहेत.

जोडहालचालीचे महत्त्व ख्यालगायनाच्या उदाहरणाने समजून घेता येईल. समेवर येणे महत्त्वाचे खरेच, परंतु गायक समेवर कसा आला, हे जाणकार श्रोता अधिक लक्षपूर्वक ऐकतो. थांबून, मोजून, समेची वाट पाहून आलेला गायक आणि बंदिश गुंफत सहज समेवर उतरणारा गायक यांत फरक असतो. स्केटिंगमध्येही एखादा खेळाडू उडीपूर्वी बराच वेळ सरळ घसरत जातो, तोल सावरतो, दिशा धरतो आणि मग झेपावतो. दुसरा खेळाडू अवघड वळणातून बाहेर पडता पडता तीच उडी घेतो. जपानचा युझुरू हान्यू काउंटर वळणातून थेट तीन गिरक्यांची अॅक्सेल घेत असे आणि उतरल्यावर लगेच पुढील हालचालीत शिरत असे. गिरक्यांची संख्या सारखी असली तरी या दोन उड्यांचे काठिण्य सारखे नाही, कारण दुसऱ्या खेळाडूला तोल सावरण्यासाठी मोकळा वेळ मिळत नाही.

जोडहालचाल ही केवळ सजावट नव्हे, हा मुद्दा येथेच लक्षात घेणे अगत्याचे आहे. तरीही काही जोडहालचालींना स्वतंत्र घटक म्हणून एकही गुण नसतो. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या शिझुका अराकावाची पाठ मागे झुकवून घेतलेली 'इना बाउअर' घसरण आजही स्मरणात आहे. घटक म्हणून तिचे मूल्य शून्य होते.

३. '६.०' पद्धतीकडून नव्या पद्धतीकडे

दीर्घकाळ या खेळात ६.० ही सर्वोच्च गुणसंख्या होती. प्रत्येक परीक्षक तांत्रिक गुणवत्ता आणि सादरीकरण असे दोन गुण देई. त्यांची बेरीज निर्णायक नसे. बेरजेवरून प्रत्येक परीक्षकाचा क्रम ठरे आणि बहुसंख्य परीक्षकांनी ज्याला वरचा क्रम दिला तो विजयी होई. कोणत्या उडीला किती गुण मिळाले, हे कोणालाच सांगता येत नसे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये या पद्धतीचा कडेलोट झाला. जोडी प्रकारात रशियाच्या येलेना बेरेझ्नाया व अँतोन सिखारुलिद्झे यांना पाच विरुद्ध चार अशा मतांनी सुवर्णपदक देण्यात आले. त्यानंतर फ्रान्सच्या परीक्षकावर दबाव होता, असा आरोप झाला. अखेर कॅनडाच्या जेमी साले व डेव्हिड पेल्तिए यांनाही सुवर्णपदक द्यावे लागले. या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली. ऑलिंपिकमध्ये ती प्रथम २००६ साली वापरली गेली.

नव्या पद्धतीत काम दोन गटांत विभागले गेले. तांत्रिक पथक प्रत्येक घटक ओळखते. कोणती उडी होती, गिरक्या पूर्ण झाल्या का, कड योग्य होती का, हे ते ठरवते आणि शंका आल्यास चित्रफीत संथगतीने पुन्हा पाहते. परीक्षक त्या घटकाचा दर्जा ठरवतात. प्रत्येक घटकाला तक्त्यात आधारमूल्य असते. परीक्षकांनी दिलेल्या दर्जागुणांतून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढली जाते व त्यानुसार आधारमूल्यात भर किंवा घट होते. याखेरीज परीक्षक संपूर्ण कार्यक्रमाला 'पैलूगुण' देतात. स्केटिंग कौशल्य, जोडहालचाली, सादरीकरण, रचना आणि संगीताचा अन्वयार्थ असे पाच पैलू होते. प्रत्येकाला दहापैकी गुण दिले जात. अशा रीतीने जोडहालचालींना इतिहासात प्रथमच स्वतःचा स्वतंत्र रकाना मिळाला.

४. उडीचे मूल्यमापन : कड्याकडून पायऱ्यांकडे

उडीच्या मूल्यमापनातील सर्वाधिक तक्रारी अपुऱ्या गिरकीविषयी होत्या. उतरताना पाव गिरकीपेक्षा अधिक कमतरता राहिली तर आरंभीच्या नियमांनुसार उडीची एक पायरी पूर्णपणे खाली येत असे. २०१० पूर्वीच्या तक्त्यात चार गिरक्यांच्या टो लूपचे आधारमूल्य ९.८ होते, तर तीन गिरक्यांच्या टो लूपचे ४.० होते. पात्याच्या काही अंशांच्या फरकाने खेळाडूचे ५.८ गुण जात आणि वर उडीचा दर्जाही कमी धरला जाई. हा उतार नव्हता, कडा होता.

२०१०-११ च्या हंगामात मधली पायरी आली. पाव गिरकीपेक्षा अधिक परंतु अर्ध्या गिरकीपेक्षा कमी कमतरता असल्यास आधारमूल्याच्या ७० टक्के मूल्य देण्याचे ठरले. २०१८-१९ मध्ये ते ७५ टक्के आणि २०२०-२१ मध्ये ८० टक्के झाले. त्याच वर्षी आणखी एक पायरी वाढली. कमतरता नेमकी पाव गिरकीवर असल्यास आधारमूल्य पूर्ण ठेवायचे आणि केवळ दर्जागुण कमी करायचे, असा नियम झाला. याचा अर्थ असा की, उडीच्या बाबतीत नियमकर्ते चुकांची प्रतवारी अधिकाधिक बारकाईने करत गेले.

पडलेल्या उडीबाबतही हेच घडले. २०१७-१८ च्या तक्त्यात चार गिरक्यांच्या लुट्झचे आधारमूल्य १३.६ होते. गिरक्या पूर्ण करून खेळाडू पडला तर दर्जापोटी ४.० आणि पडल्याबद्दल १.० गुण वजा होत. तरीही ८.६ गुण शिल्लक राहत. निर्दोष तीन गिरक्यांच्या अॅक्सेलचे आधारमूल्य तेव्हा ८.५ होते. म्हणजे पडलेली उडी उभ्या उडीपेक्षा वरचढ ठरू शकत होती. २०१८-१९ पासून दर्जाची पट्टी उणे ३ ते अधिक ३ ऐवजी उणे ५ ते अधिक ५ अशी झाली आणि प्रत्येक पायरी आधारमूल्याच्या १० टक्के ठरली. लुट्झचे मूल्य ११.५ करण्यात आले. आता पडलेल्या लुट्झचे ११.५ वजा ५.७५ वजा १.० म्हणजे ४.७५ गुण उरतात, तर तीन गिरक्यांच्या निर्दोष अॅक्सेलचे आधारमूल्यच ८.० आहे.

तरीसुद्धा दोन अडचणी राहतात. पहिली अडचण पाहण्याच्या कोनाची आहे. गिरकीची कमतरता अंशांत सांगितली जात असली तरी तांत्रिक पथक दीर्घकाळ एकाच कॅमेऱ्याच्या चित्रावर विसंबून राहिले. मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात उतरलेली उडी आणि कॅमेऱ्यासमोर उतरलेली उडी सारख्याच स्पष्टतेने दिसत नाही. दुसरी अडचण झेपेच्या बाजूची आहे. पाते बर्फ सोडण्यापूर्वीच शरीर काही प्रमाणात फिरलेले असते. हे काही अंशी स्वाभाविक असले तरी किती फिरणे मान्य करावे, यावर मतभेद आहेत. उतरण्याच्या बाजूला जेवढी बारीक मोजणी झाली, तेवढी झेपेच्या बाजूला झाली नाही.

५. व्हँकुव्हर २०१० : वाद आणि गुणपत्रक

उडी आणि जोडहालचाल यांतील संघर्ष सर्वाधिक गाजला तो २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये. रशियाच्या येवगेनी प्लुशेन्कोने चार आणि तीन गिरक्यांच्या टो लूपची जोडउडी पूर्ण केली. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही क्वाड घेतली नाही. तरीही लायसाचेक २५७.६७ गुणांसह विजयी झाला आणि प्लुशेन्को २५६.३६ गुणांसह दुसरा आला. फरक १.३१ गुणांचा होता. क्वाडविना ऑलिंपिक विजेता कसा होऊ शकतो, असा सवाल प्लुशेन्कोने जाहीरपणे केला.

स्पर्धेपूर्वीच जोडहालचालींचा प्रश्न पेटला होता. आपण आणि फ्रान्सचा ब्रायन जुबेर उड्यांवर भर देत असल्याने आपल्या कार्यक्रमांत जोडहालचाली नाहीत, अशा आशयाचे उद्गार प्लुशेन्कोने काढले होते. त्यांचा उल्लेख करून एका अमेरिकन परीक्षकाने सहकाऱ्यांना पाठवलेला संदेश प्रसिद्ध झाला. त्यामुळे जोडहालचालींनी क्वाडचा पराभव केला, अशी समजूत रूढ झाली.

गुणपत्रक मात्र वेगळे सांगते. मुक्त कार्यक्रमात लायसाचेकला तांत्रिक ८४.५७ आणि पैलूंचे ८२.८० गुण मिळाले. प्लुशेन्कोला तांत्रिक ८२.७१ आणि पैलूंचेही नेमके ८२.८० गुण मिळाले. जोडहालचालींच्या रकान्यात प्लुशेन्कोचे गुण कमीच होते, परंतु इतर पैलूंत ती तूट भरून निघाली. मुक्त कार्यक्रमातील फरक पडला तो तांत्रिक खात्यात. लायसाचेकने अधिक उड्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात घेतल्या होत्या आणि थकलेल्या अवस्थेतील उड्यांना तेव्हा १० टक्के अधिक मूल्य मिळत असे. त्याच्या घटकांचा दर्जाही सरस ठरला होता.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे वाद ज्या रकान्यावरून झाला, तो रकाना एकट्याने निकाल ठरवत नव्हता. दुसरी म्हणजे तो तसा ठरवू शकला असता. पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमात प्रत्येक पैलूगुणाला २ ने गुणले जात असे. एखाद्या पैलूत ०.७५ चा फरक पडला तरी बेरजेत १.५ गुणांचा फरक होई, आणि येथे पदक १.३१ गुणांवर फिरले होते. ज्या रकान्यातील गुणाचे कारण कोणालाही दाखवता येत नाही, त्याच्या हाती एवढी शक्ती असणे हा खरा प्रश्न होता.

६. सोची २०१४ आणि प्याँगचांग २०१८

सोची येथे महिलांच्या स्पर्धेत रशियाची अदेलिना सोत्निकोवा २२४.५९ गुणांनी विजयी झाली. दक्षिण कोरियाची किम युना २१९.११ गुणांवर राहिली. मुक्त कार्यक्रमात सोत्निकोवाने तीन गिरक्यांच्या सात आणि किमने सहा उड्या घेतल्या. उड्यांच्या हिशेबात सोत्निकोवा पुढे असणे समजण्याजोगे होते. वाद झाला तो पैलूगुणांवरून. किमला ७४.५० आणि सोत्निकोवाला ७४.४१ गुण मिळाले. व्हँकुव्हरची विजेती असलेली परिपक्व खेळाडू आणि नुकतीच पुढे आलेली खेळाडू यांच्यात केवळ ०.०९ चा फरक कसा, असा प्रश्न विचारला गेला. आंतरराष्ट्रीय संघटनेने कोरियाची तक्रार फेटाळली.

प्याँगचांग येथे हाच प्रश्न उलट्या दिशेने आला. रशियाच्या अलिना झागितोवाने मुक्त कार्यक्रमातील सर्व सात उड्या-घटक उत्तरार्धात घेतले आणि १० टक्क्यांचा लाभ प्रत्येक उडीवर मिळवला. तिचीच सहकारी येवगेनिया मेदवेदेवा हिला पैलूगुण ७७.४७ तर झागितोवाला ७५.०३ मिळाले. तांत्रिक खात्यात झागितोवाला ८१.६२ आणि मेदवेदेवाला ७९.१८ मिळाले. दोन्ही खात्यांतील फरक २.४४ एवढाच, परंतु परस्परविरुद्ध दिशेचा होता. परिणामी मुक्त कार्यक्रमात दोघींचे गुण १५६.६५ असे समान राहिले. लघुकार्यक्रमातील १.३१ गुणांच्या आघाडीवर झागितोवा विजयी झाली. व्हँकुव्हरमधील अंतरही एवढेच होते.

झागितोवाने नियमाबाहेर काहीही केले नव्हते. उत्तरार्धातील उडी अधिक अवघड, हे नियमानेच मान्य केले होते. परंतु पूर्वार्ध केवळ पावलांचा आणि उत्तरार्ध केवळ उड्यांचा, अशी कार्यक्रमाची रचना असमतोल ठरते का, हा प्रश्न 'रचना' या पैलूच्या कक्षेतील होता. एका खात्यातील बक्षीस दुसऱ्या खात्यातील गुणवत्तेवर कसे परिणाम करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

७. २०१८ आणि २०२२ चे बदल

२०१८-१९ पासून उत्तरार्धाचा लाभ लघुकार्यक्रमात शेवटच्या एका आणि मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्या-घटकांपुरता मर्यादित झाला. पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमातील उड्या-घटक आठवरून सातवर आणि वेळ साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आली.

त्याहून महत्त्वाचा बदल दर्जागुणांच्या निकषांत होता. उडीला चांगला दर्जा देण्यासाठी सहा निकष ठरले : उत्तम उंची व लांबी, चांगली झेप व उतरण, संपूर्ण उडीत सहजता, उडीपूर्वीची पावले किंवा अनपेक्षित प्रवेश, शरीराची उत्तम ठेवण आणि संगीताशी मेळ. यांतील पहिले तीन पूर्ण झाल्याशिवाय अधिक ४ किंवा अधिक ५ देता येत नाहीत. उडीपूर्वीची पावले हा चौथा निकष आहे. तो अनिवार्य नाही. उरलेले पाच निकष पूर्ण करून, सरळ घसरत जाऊन घेतलेल्या उडीलाही सर्वोच्च दर्जा मिळू शकतो.

तरीही या पट्टीमुळे एक शक्यता खुली झाली. तीन गिरक्यांच्या अॅक्सेलला ८.० आधारमूल्यावर सर्वोच्च दर्जा मिळाल्यास १२.० गुण होतात. चार गिरक्यांच्या टो लूपला अधिक २ दर्जा मिळाल्यास ९.५ आणि १.९ मिळून ११.४ गुण होतात. उत्कृष्ट साडेतीन गिरक्या साधारण चार गिरक्यांपेक्षा मोलाच्या ठरू शकतात. अर्थात, यालाही आक्षेप आहे. चार गिरक्यांच्या अॅक्सेलचे मूल्य १२.५ आणि लुट्झचे ११.५ आहे. जी उडी २०२२ पर्यंत कोणीही पूर्ण केली नव्हती, तिला केवळ एक गुण अधिक का, असा प्रश्न जाणकार उपस्थित करतात.

२०२२-२३ च्या हंगामात पाच पैलूंचे तीन पैलू झाले : रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य. जोडहालचालींचा स्वतंत्र रकाना संपुष्टात आला. घटकांमधील जोडणी आता 'रचना' या पैलूत विचारात घेतली जाते. पाच रकान्यांतील गुण एकमेकांच्या आसपासच फिरत असत, आणि चार मिनिटांच्या कार्यक्रमात उड्यांचा दर्जा ठरवत ठरवत पाच स्वतंत्र निर्णय घेणे परीक्षकांना कठीण होते, हे त्यामागील व्यवहार्य कारण म्हणता येईल. वस्तुनिष्ठ प्रश्न आणि निबंध एकाच वेळी, तेही उत्तर लिहिले जात असतानाच, तपासण्यासारखे हे काम आहे.

८. वादाचे खरे स्थान

वरील घडामोडींतून तीन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा मर्यादेचा आहे. पैलूगुणांना कमाल मर्यादा आहे, तांत्रिक गुणांना तशी मर्यादा नाही. व्हँकुव्हरच्या विजेत्याचे मुक्त कार्यक्रमातील तांत्रिक आणि पैलूगुण जवळजवळ समान होते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेत्या नेथन चेनला तांत्रिक १२१.४१ आणि पैलूंचे ९७.२२ गुण मिळाले. पैलूगुण शंभरच्या मर्यादेला टेकले आणि तांत्रिक गुण पुढे निघून गेले. त्याच स्पर्धेत रशियाच्या अलेक्झांड्रा त्रुसोवाने मुक्त कार्यक्रमात पाच क्वाड घेऊन तांत्रिक १०६.१६ गुण मिळवले. तिचे पैलूगुण ७०.९७ होते आणि अॅना शेरबाकोवाचे ७५.२६. तरीही मुक्त कार्यक्रमात त्रुसोवाच पहिली आली. सुवर्णपदक शेरबाकोवाला मिळाले ते प्रामुख्याने लघुकार्यक्रमातील आघाडीमुळे. उड्यांची सीमा पुढे सरकते तसतसे जोडहालचालींचे सापेक्ष मोल आपोआप घटत जाते. त्यासाठी कोणा परीक्षकाने पक्षपात करण्याची गरज नसते.

दुसरा मुद्दा फेरतपासणीचा आहे. उडीचा निर्णय संथगतीने पुन्हा पाहता येतो, गुणपत्रकात त्याची खूण उमटते आणि खेळाडूला आपली चूक कळते. जोडहालचालींच्या गुणाबाबत असे काही नव्हते. ७.२५ का आणि ८.०० का नाही, याचे उत्तर गुणपत्रकात नसे. त्यातच २००२ नंतर परीक्षकांची नावे त्यांच्या गुणांपासून तोडण्यात आली होती. ही गुप्तता २०१६ च्या निर्णयाने संपुष्टात आली. अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, या सुधारणांनंतर स्वदेशी खेळाडूला झुकते माप देण्याची प्रवृत्ती कमी न होता किंचित वाढली. गुप्ततेमुळे दबाव घटेल ही अपेक्षा फोल ठरली.

तिसरा मुद्दा स्थानाचा आहे. जोडहालचालीची किंमत दोन ठिकाणी दिली जाते. एकदा उडीच्या दर्जात, चौथ्या निकषाखाली, आणि दुसऱ्यांदा पैलूगुणांत. पहिल्या ठिकाणी ती ऐच्छिक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती इतर गोष्टींत मिसळलेली आहे. त्यामुळे अवघड प्रवेशातून उडी घेऊन पडण्याचा धोका पत्करावा की सरळ घसरत जाऊन सुरक्षित उडी घ्यावी, या प्रश्नाचे गणिती उत्तर अनेकदा दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. प्रशिक्षक आणि खेळाडू तक्ता वाचूनच कार्यक्रम बांधतात. ज्याला मोल आहे तेच सरावात येते.

निष्कर्ष

१) 'तंत्र विरुद्ध कला' ही मांडणी या वादाला न्याय देत नाही. जोडहालचाल ही बऱ्याच अंशी तांत्रिक बाब असून तिचा उडीच्या काठिण्याशी थेट संबंध आहे.
२) २०१० पासून उडीच्या मूल्यमापनात कड्याच्या जागी पायऱ्या आल्या. जोडहालचालींच्या मूल्यमापनात अशी प्रगती झाली नाही. स्वतंत्र रकाना २००४ मध्ये आला आणि २०२२ मध्ये गेला.
३) व्हँकुव्हर, सोची आणि प्याँगचांग येथील गुणपत्रके पाहता, लोकांनी ज्या रकान्यावरून वाद घातला तो आणि ज्या रकान्याने निकाल ठरवला तो, हे नेहमी एकच नव्हते.
४) उडीपूर्वीची पावले हा निकष सर्वोच्च दर्जासाठी अनिवार्य केल्यास जोडहालचालीला तिच्या स्वाभाविक जागी, म्हणजे उडीच्या प्रवेशापाशी, मोल मिळेल. तेथे ती चित्रफितीवर दाखवताही येईल.
५) तांत्रिक पथकाला एकाहून अधिक कोनांतून दृश्य उपलब्ध होणे आणि घटकांचा दर्जा व पैलूगुण यांसाठी स्वतंत्र परीक्षकगट असणे, या उपायांनी परीक्षकांवरील ताण कमी होऊ शकेल.

समारोप

माणसांनी दिलेला निकाल निर्विवाद असावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. तो निकाल कारणांसह सांगता यावा, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. फिगर स्केटिंगने उडीच्या बाबतीत हे बरेचसे साध्य केले. पाव गिरकी कमी पडली, कड चुकली, असे खेळाडूला सांगता येते आणि पुढील स्पर्धेपूर्वी तो ती चूक सुधारू शकतो. वर्षानुवर्षे पहाटे उठून बर्फावर वळणांचा सराव करणाऱ्या खेळाडूलाही आपल्या वळणांविषयी असेच स्पष्ट उत्तर मिळण्याचा अधिकार आहे. तसे उत्तर मिळेपर्यंत गिरक्यांची संख्या वाढत राहील आणि गिरक्यांकडे नेणारी वाट सरळ होत जाईल. स्केटिंगचे वेगळेपण त्या वाटेच्या वळणांत आहे, याची जाणीव मूल्यमापन करणाऱ्या पद्धतीने ठेवणे आवश्यक आहे.